दर वेळी साठाव्या टर्नच्या आसपासच डाव का फुटतो?

मागच्या रविवारी रात्री पावणेबाराला मावसभावाचा मेसेज आला: "दादा, परत तेच. प्रिन्सवर झोपेत जिंकतो, एम्पररवर साठाव्या टर्नला राजधानी गेली." सोबत स्क्रीनशॉट, त्यात त्याच्या शहराला चारही बाजूंनी वेढा. फोनवर समजवायला बसलो, तासभर बोललो, तरी निम्मं राहिलंच. म्हणून आता एकदाच लिहून काढतो. हा आजार मला स्वतःला दोन वर्षं होता, त्यामुळे औषधापेक्षा लक्षणंच मला जास्त पाठ आहेत.

खेळ सिव्हिलायझेशन सिक्स आहे असं धरून चालतोय, कारण आमच्या घरात तोच चालतो. (पाळीपाळीने शहरं आणि सैन्य वाढवत न्यायचा कॉम्प्युटरचा खेळ. टर्न म्हणजे एक पाळी; प्रिन्स, एम्परर या अवघडपणाच्या पायऱ्या.) टर्न-बेस्ड दुसरं काही खेळत असाल तर शेवटाकडे थोडं त्याचंही आहे.

आधी आजार हाच आहे का ते बघा

एक कागद घ्या. पुढच्या डावात कुठला देश मिळणार, नकाशा कसला येणार, शेजारी कोण निघणार, यातलं काहीही माहीत नसताना राजधानीत पहिल्या तीस टर्नमध्ये काय काय बांधणार ते क्रमाने लिहा. न अडखळता लिहिता आलं तर आजार हाच. माझा कागद असा होता: स्काउट (टेहळ्या), स्लिंगर (गोफणवाला), सेटलर (नवं शहर वसवणारा), बिल्डर (शेतं, खाणी बांधणारा), कॅम्पस (शहराचा सायन्स देणारा भाग) आणि मग एखादं वंडर (स्टोनहेंजसारखी वास्तू, जी एकालाच मिळते). दोन वर्षांत त्यात एकदाही खाडाखोड झाली नव्हती. डोंगर असले तरी कॅम्पस, नसले तरी कॅम्पस. शेजारच्या प्रत्येक डोंगराचा कॅम्पसला एक सायन्स मिळतो, हे मला माहीत होतं. तरी सपाट माळावर कॅम्पस ठोकून मी पुढे जायचो आणि "यंदा सायन्स कमी का?" म्हणून डोकं खाजवायचो.

उलट तुम्हाला असा कागद लिहिताच येत नसेल, दर डावात काहीतरी वेगळं करत असाल आणि तरी हरत असाल, तर अडचण वेगळी आहे. तुम्ही आधी एकच देश घेऊन दहा डाव खेळा, मग हे वाचा.

"कॉम्प्युटर चीटिंग करतो"

करतो, आणि उघडपणे करतो. प्रिन्स ही पातळी बरोबरीची, तिथे कोणालाच सवलत नाही. पुढे किंगपासून एका एका पायरीला त्याची सवलत वाढते. एम्पररवर एआयला, म्हणजे कॉम्प्युटरच्या देशांना, उत्पादनात ४० टक्के जास्त, सायन्समध्ये १६ टक्के जास्त, प्रत्येक लढाईत ताकद २ ने जास्त, आणि सुरुवातीलाच एक नाही, दोन सेटलर. सगळ्यात अवघड पायरी डीटी, तिच्यावर तर तीन सेटलर, उत्पादन ८० टक्के जास्त, ताकद ४ ने जास्त. डोकं मात्र सगळीकडे तेच. तो तितक्याच मूर्खपणाने आपले तिरंदाज तुमच्या भिंतीखाली आणून उभे करतो.

म्हणजे बदललं काय? प्रिन्सवर तुम्ही शर्यत जिंकत होता. स्टोनहेंज तुमचं, ग्रेट लायब्ररी तुमची, कारण समोरचा तुमच्याच वेगाने पळत होता आणि तुम्हाला रस्ता पाठ होता. एम्पररवर समोरचा दोन पावलं पुढे उभा राहून पळायला लागतो. तीच शर्यत, त्याच रस्त्याने, आता जिंकता येत नाही. पण ज्या सवयीने शंभर वेळा जिंकून दिलं ती सवय एका हरण्याने सुटत नाही. आपण म्हणतो, "थोडं नशीब खराब होतं," आणि परत स्काउट, स्लिंगर, सेटलर.

(इंदूरचा मराठी माणूस आणि पानिपत काढणार नाही, असं कसं होईल? १७६० च्या सुरुवातीला उदगीरला इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याने निजामाला नमवलं. त्या जिंकण्यावर भाऊसाहेबांचा भरवसा बसला आणि पुढे उत्तरेतही तोच डाव मांडला गेला. आमचे मल्हारराव गनिमी काव्याच्या बाजूचे होते, त्यांचं चाललं नाही. त्यांचं ऐकलं असतं तर १४ जानेवारी १७६१ वेगळा गेला असता का, यावर रामबागेत कोणाच्याही ओट्यावर दोन तास भांडण होऊ शकतं, तेव्हा मी इथेच थांबतो. फक्त उदगीर लक्षात ठेवा. प्रिन्स म्हणजे तुमचं उदगीर.)

माझा डाव नेमका कुठे फुटला ते कसं कळलं

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. लाइट गेली होती, लॅपटॉप बॅटरीवर, माझा अडतिसावा टर्न चालू. मी इमर्जन्सी दिवा शोधायला आत गेलो आणि धाकटा भाऊ खुर्चीत बसला. त्याचं खेळणं अगदी वेगळं: त्याला वंडरचं काही पडलेलं नाही, तो आधी नकाशा फिरवून फिरवून बघतो. आतून ऐकू आलं,

"दादा, हे घोडे कोणाचे?"

"टोमायरिसचे. सिथियाची राणी, तिच्याकडे असतातच."

"असतात ते कळलं. आपल्या हद्दीला चिकटून का उभेत?"

मी दिवा घेऊन आलो. चार हॉर्समन, माझ्या दुसऱ्या शहरापासून दोन घरांवर. मी ते पाहिले होते. गेले चार टर्न रोज पाहत होतो आणि रोज 'नेक्स्ट टर्न' दाबत होतो, कारण स्टोनहेंज व्हायला नऊ टर्न राहिले होते.

"आणि हे दगड कोणाला मारणार?" त्याने विचारलं.

चव्वेचाळिसाव्या टर्नला तिने युद्ध पुकारलं, सत्तावन्नाव्याला राजधानी गेली. पण त्या रात्री मी पहिल्यांदा एक शहाणपणाचं काम केलं. नवा डाव न लावता जुने सेव्ह उघडत मागे गेलो. लढाई परत लढायला नाही, फक्त वाचायला. एकावन्नावा टर्न: हातात एक तिरंदाज, भिंत नाही, इथून वाचणं शक्यच नव्हतं. चव्वेचाळिसावा: तेच. अडतिसावा: उशीर झालेला, पण दोन भालेवाले विकत घेता आले असते. आणि बाविसावा टर्न: माझ्या स्काउटला टोमायरिस भेटली. समोर तिचं चित्र आलं, मी दोन वाक्यं न वाचता बंद केली, आणि पुढच्याच टर्नला स्टोनहेंज सुरू केलं.

डाव तिथे फुटला. साठाव्याला फक्त आवाज आला.

बाविसाव्या टर्नला काय काय माहीत होतं ते बघा. समोर सिथिया. त्यांना एक घोडदळ बांधलं की दुसरं फुकट मिळतं, म्हणजे चार घोड्यांचं उत्पादन दोघांच्या भावात. घोड्यांना उतारा भालेवाला, त्याला घोडदळासमोर १० ची जास्तीची ताकद. त्यासाठी ब्राँझ वर्किंग हे तंत्रज्ञान लागतं. आणि टोमायरिसचा स्वभाव खेळातच लिहिलेला आहे: मित्राच्या पाठीत सुरा खुपसणाऱ्यांचा तिला राग, आणि ज्याने जाहीर मैत्री केली त्याच्यावर तिचा लोभ. पंचवीस सोनं घालून पहिल्या भेटीच्याच टर्नला शिष्टमंडळ पाठवलं की बहुतेक वेळा घेतात. नंतर आठवण झाली की तोवर तिने तोंड वाकडं केलेलं असतं.

आम्ही तोच सेव्ह परत उघडला. शिष्टमंडळ पाठवलं, काही टर्नांनी मैत्री मागितली, तिने दिली. मैत्री जाहीर असेपर्यंत ती युद्ध पुकारूच शकत नाही. स्टोनहेंज सोडून दिलं, त्या जागी सेटलर काढला. घोडे आलेच, पण आमच्या हद्दीवरून पुढे निघून गेले आणि पलीकडच्या कोणा बिचाऱ्यावर पडले. मला जरा वाईट वाटलं. भावाला नाही वाटलं.

म्हणून समस्या निवारणाची पहिली पायरी ही: हरल्यावर नवीन डाव लावू नका. ऑप्शनमध्ये जाऊन ऑटोसेव्हची संख्या वाढवा, शिवाय वीस, चाळीस, साठ अशा टर्नांना हाताने सेव्ह करा. हरलात की मागे मागे जा आणि असा टर्न शोधा जिथे माहिती समोर होती आणि तुम्ही ती न बघता आधीच ठरलेलं काम पुढे रेटलं. तो नेहमी तुम्हाला वाटतो त्याच्या वीस-तीस टर्न आधी सापडतो.

मग मी उलट्या टोकाला गेलो

हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. त्या रात्रीनंतर मी दर डावात तीन तिरंदाज आणि दोन भालेवाले काढायला लागलो. टोमायरिस असो वा नसो. पाच-सहा डाव बरे गेले आणि मला वाटलं, आपण शिकलो. मग एक डाव बेटांच्या नकाशावर पडला. माझं बेट मला एकट्याला. तीन तिरंदाज किनाऱ्यावर बसून समुद्र बघतायत, आणि सत्तराव्या टर्नपर्यंत मला एकही देश भेटलेला नाही.

इंदुरी जीरावन पोह्यांवर छान, पेरूवर त्याहून छान. म्हणून कोणी शिकंजीत घालत नाही. (आमची शिकंजी दुधाची असते, हे बाहेरच्यांसाठी.) मी जुनी सवय टाकली नव्हती, तिच्या जागी नवी बसवली होती.

त्या बेटावर खेळ मला ओरडून सांगत होता काय करायचं ते. युरेका बघा. प्रत्येक तंत्रज्ञानाला एक छोटं काम जोडलेलं असतं. ते केलं की मूळ खेळात निम्मं आणि गॅदरिंग स्टॉर्म हा जोडभाग आल्यापासून ४० टक्के संशोधन फुकट. रायटिंगचं काम: दुसरा देश भेटणे. बेटावर कोण भेटणार? कॅम्पस रायटिंगनेच खुलतो, म्हणजे माझा लाडका कॅम्पस मी पूर्ण किमतीला विकत घेत होतो. सेलिंगचं काम: किनाऱ्यावर शहर वसवणे. ते पहिल्याच टर्नला झालेलं होतं! शिपबिल्डिंगचं काम: दोन गॅली (सुरुवातीची लढाऊ जहाजं). आणि सेटलर पाण्यात उतरायला शिपबिल्डिंगच लागतं. रस्ता आखून ठेवलेला होता: सेलिंग, दोन गॅली, त्या गॅली बाहेर फिरवून शेजारी शोधा, मग रायटिंग स्वस्तात. मी मात्र आर्चरी करून बसलो, जिचं काम स्लिंगरने एक युनिट मारणे. त्यासाठी रानटी टोळीची वाट बघत दहा टर्न घालवले.

तेव्हापासून मी युरेकांची यादी पाटी म्हणून वाचतो. दगडाची खाण जवळ आहे का? मग मेसनरी स्वस्त, म्हणजे भिंती स्वस्त. कुरण बांधण्याजोगी जनावरं आहेत? हॉर्सबॅक रायडिंग स्वस्त. शेजारी कोणीच नाही पण रानटी भरपूर? तीन मारले की ब्राँझ वर्किंग स्वस्त, आणि त्याने लोखंड कुठे आहे तेही दिसतं. जे नकाशा स्वस्तात देतोय ते आधी घ्या. आपला आवडता रस्ता महाग असेल तर तो या डावापुरता आपला नाही.

वही

मी आता एक साधी वही ठेवतो. पहिला, विसावा आणि चाळिसावा टर्न आला की खेळ थांबवून तीन-चार ओळी खरडतो. नकाशा काय देतोय. मला मारू शकेल असा सगळ्यात जवळ कोण, आणि कशाने. आणि एक ओळ जी सगळ्यात कामाची ठरली: सवयीने मी आत्ता काय केलं असतं. ते लिहायचं आणि मग एक तर त्याचं कारण पुढे लिहायचं, नाही तर काट मारायची.

एका पानावरचं जसंच्या तसं: "टर्न २०. राजधानीला नदी, दगड दोन, डोंगर नाही. उत्तरेला रानटी स्काउट शहर बघून पळाला, डोक्यावर उद्गारचिन्ह. छावणीत पोचला तर दहा टर्नांत टोळी. सवयीने: कॅम्पस. कारण: —. काट. आधी स्लिंगर त्याच्या मागे, खाण, मेसनरी."

त्या "कारण"पुढची रेघ बघा. काहीच सुचलं नव्हतं. असं रिकामं राहिलं की समजायचं, हात चालतोय, डोकं नाही.

आता एक सावधगिरी. दर टर्नला बेत बदलणं हा त्याहून वाईट रोग आहे, आणि मावसभावाला मी हे बोललो तर तो नक्की तेच करणार होता. एखादी लढाई हरली, एखादं वंडर दुसऱ्याने नेलं, एवढ्यावर बेत मोडू नका. नवीन माहिती आली तर मोडा: नवा शेजारी भेटला, अॅनिमल हजबंड्री होऊन घोडे दिसले, ब्राँझने लोखंड दाखवलं, कोणाचं सैन्य हद्दीला लागलं. वाईट बातमी आणि नवी माहिती यांत फरक आहे. पहिलीने चीड येते, दुसरीने वहीत ओळ वाढते.

घरात दुसरा खेळणारा असेल तर याहून सोपा उपाय आहे: चाळिसाव्या टर्नला खुर्ची बदला. त्याचा सेव्ह तुम्ही, तुमचा तो. पाच मिनिटं काही न दाबता फक्त बघायचं आणि विचारायचं. "हे का बांधतोयस?" याचं उत्तर "नेहमी बांधतो" असं आलं की सापडलं. भावाच्या सेव्हमध्ये मला दिसलं की पाच शहरं आहेत आणि एकातही मोनुमेंट (संस्कृती वाढवणारी सुरुवातीची इमारत) नाही. त्याची सवय वेगळी, आजार तोच.

दुसरं काही खेळत असाल तर

एक्सकॉम टू, शिपायांच्या छोट्या तुकडीचा खेळ. २०१२ च्या एक्सकॉमवर हात बसलेल्यांचा घात इथे होतो. तिथे दोन पावलं टाकायची, सगळ्यांना ओव्हरवॉचवर (शत्रू हलला की गोळी झाडायच्या तयारीत) ठेवायचं, परत दोन पावलं, असं सरपटत जाता यायचं. २०१६ च्या दुसऱ्या भागात बऱ्याच मोहिमांना टर्नची मर्यादा आली आणि सरपटणारे उघडे पडले. मग लोक घाईत पळायला लागतात, आणि मरतात ते घाईने नाही, क्रमाने. शेवटच्या शिपायाने कधीही न बघितलेली जागा उघडायची नाही. शत्रूची टोळी तुम्हाला दिसली की लगेच पळून आडोसा घेते. तेव्हा तुमच्या सगळ्यांची चाल संपलेली असेल तर पुढचा टर्न त्यांचा. पहिल्या शिपायाने उघडा, म्हणजे बाकीचे उत्तर द्यायला शिल्लक राहतात. अर्ध्या आडोशाचा बचाव २०, पूर्णचा ४०, तेव्हा पूर्ण आडोशामागच्यावर गोळ्या वाया घालवत बसण्यापेक्षा ग्रेनेड टाका. तो चुकत नाही आणि आडोसाही उडवतो. ग्रेनेड "नंतरसाठी" जपून ठेवणारे माझे सगळे मित्र डाव हरलेले आहेत. मी पण.

पॉलिटोपिया फोनवर खेळणाऱ्यांनी एवढंच बघा की शहरं वाढली की तंत्रज्ञान महाग होतं. आधी शहरं की आधी विद्या, हे शेजारी किती जवळ आहे त्यावर ठरवा, मागच्या डावात काय चाललं त्यावर नको.

आणि सवय मोडायचंच औषध हवं असेल तर इनटू द ब्रीच, २०१८ चा. आठ बाय आठचा पट, तुमची तीन यंत्रं, आणि शत्रू (राक्षसी किडे) पुढच्या क्षणी नेमकं काय करणार ते तो आधीच दाखवतो. मारायची सवय घेऊन गेलात तर हराल. इमारती वाचवायच्या असतात, आणि बहुतेक वेळा किड्याला मारण्यापेक्षा एक घर बाजूला ढकललं की तो आपल्याच भावाला चावतो. पाठ केलेला क्रम इथे चालतच नाही, कारण दर टर्नला पट नवा प्रश्न विचारतो. मी पंधरा दिवस फक्त तोच खेळलो आणि मग सिव्हकडे परत आलो, तेव्हा नकाशा आपोआप बघायला लागलो होतो.

मावसभावाचा सेव्ह

तो शेवटी काल संध्याकाळी आला. चाळिसावा टर्न, एम्परर. राजधानी किनाऱ्यावर, दुसरं शहर किनाऱ्यावर, तिसरं पण. शेजारी नॉर्वेचा हॅराल्ड. त्याची लांब जहाजं किनाऱ्यावरचं जे दिसेल ते लुटतात, आणि ज्याचं आरमार कमजोर त्याच्याबद्दल त्याला मनापासून तुच्छता. मावसभावाकडे पाच तिरंदाज आहेत. "दादा, तू म्हणालास ना संरक्षण कर, म्हणून."

मी उत्तर पाठवलं: "गॅली किती?"

निळी टिक आली आहे. उत्तर नाही. शिकवणीला गेला असेल.